उजव्या रकान्यातली गणितं

गणिताच्या पुस्तकातली सगळ्यात जास्त हाताळली जाणारी आणि सगळ्यात कमी कौतुक होणारी पानं कोणती, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सरावसंचाकडे बोट दाखवीन. प्रस्तावना लेखकाचे स्नेही वाचतात, प्रकरणांची सुरुवात परीक्षण लिहिणारे वाचतात. सरावसंच मात्र तोच वाचतो ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलेलं असतं, आणि तोही रात्री जेवणं झाल्यावर, उद्या वही दाखवायची आहे हे अचानक आठवून. त्याच्या त्या अर्धवट झोपेतल्या डोळ्यांना पान कसं दिसावं, ह्याचा विचार करणारी माणसं जगात आहेत, हे मला बरेच दिवस ठाऊकच नव्हतं.

हल्ली इंटरनेटवर गणिताची खुली पुस्तकं पुष्कळ झाली आहेत. कोणीही फुकट वाचावीत, उतरवून घ्यावीत, परवान्याच्या अटी पाळून त्यांत बदल करावेत, अशी. ह्या पुस्तकांचा एक स्वभाव म्हणजे ती लिहून पुरी होतच नाहीत. सतत कोणीतरी काहीतरी बदलत असतं आणि त्या प्रत्येक बदलाची नोंद मागे राहते. ह्या नोंदी वाचणं हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे. त्यातून ध्यानात आलेली गोष्ट अशी, की प्रमेयांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. प्रमेयं एकदा सिद्ध झाली की स्थितप्रज्ञासारखी बसून राहतात. सगळी खळबळ सरावसंचात. कोणी उपप्रश्नाच्या कंसातलं अक्षर काढून तिथे आकडा घालतो. काही दिवसांनी दुसरा येऊन आकड्याचं पुन्हा अक्षर करतो. कोणी दोन गणितांमधली जागा बोटभर वाढवतो, कोणी ती पुन्हा आवळतो. अनंताविषयी ज्यांचं कधी भांडण झालं नाही अशी माणसं कंसाविषयी मात्र हट्टाला पेटतात. हे वाचताना हसू येतं खरं, पण थोडं थांबून पाहिलं तर त्या हट्टाच्या तळाशी एक अनोळखी पोरगं दिसतं. ह्या मंडळींनी त्याला कधी पाहिलेलं नसतं, आणि तरी त्याची नजर पानावर कुठे अडखळेल ह्याची काळजी लागून राहिलेली असते.

रकान्यांचंच घ्या. कॅल्क्युलसच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह काढायची वीस-चोवीस बारकी गणितं एकाखाली एक मांडली तर पानाचा उजवा अर्धा भाग ओस पडतो. म्हणून ती दोन रकान्यांत बसवायची. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पण क्रमांक कसे चालवायचे? वर्तमानपत्रावर वाढलेला माणूस म्हणतो, वरून खाली. एक रकाना संपला की दुसऱ्याच्या डोक्यावर जायचं. दुसरा म्हणतो, छे, डोळा डावीकडून उजवीकडे जातो, तसेच आकडेही गेले पाहिजेत. गणिती मजकूर जुळवायला लाटेक वापरणाऱ्यांनी तर ह्या दोन पंथांची वेगवेगळी सोय करून ठेवली आहे: ‘मल्टिकॉल’ नावाचं पॅकेज रकान्याने खाली उतरतं, ‘टास्क्स’ नावाचं आडवं चालतं. एवढी सगळी मांडामांड झाल्यावर कोणीतरी ते पुस्तक बसमध्ये मोबाइलवर उघडतो. त्या चिंचोळ्या पडद्यावर दोन रकाने मावतच नाहीत, आणि दोन्ही पंथांची गणितं मुकाट्यानं एकाच रांगेत उभी राहतात.

पण आडव्या क्रमांकांची खरी गंमत पुढेच आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स नावाचा उपक्रम आहे. २०१२ पासून ही मंडळी पाठ्यपुस्तकं तयार करून इंटरनेटवर फुकट देतात. त्यांचं तीन खंडांचं कॅल्क्युलस २०१६ मध्ये आलं. त्यावर गिल्बर्ट स्ट्रँग आणि एडविन हर्मन ह्यांची नावं आहेत. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांची जुनी चाल पाळून त्याच्या उत्तरसूचीत उत्तरं आहेत ती फक्त विषम क्रमांकांच्या गणितांची. सम क्रमांकांना उत्तर नाही. त्यांनी कोणाचं काय बिघडवलं होतं कोण जाणे. दोन ही बिचारी इतकी गुणी संख्या, साऱ्या मूळसंख्यांत एकटी सम, पण दुसऱ्या गणिताला विचारणारं कोणी नाही. आता अशा पुस्तकातली गणितं दोन रकान्यांत आडवी चालवली तर पाहा काय होतं. एक डावीकडे, दोन उजवीकडे; तीन डावीकडे, चार उजवीकडे. डावा रकाना सगळा उत्तरांचा, उजवा सगळा बिनउत्तरांचा. रस्त्याच्या एका अंगाच्या घरांत वीज आली आहे आणि समोरच्या अंगाला नुसते खांब उभे आहेत, तसं ते पान दिसायला लागतं. मांडणाऱ्याच्या मनात असा भेद करायचं काही नसतं. त्याला फक्त कागद वाचवायचा असतो.

त्यात खुल्या पुस्तकात कोणीही सज्जन माणूस येऊन पाचव्या गणितानंतर एक नवं, सुंदर गणित घालू शकतो. झालं! सहावं सातवं होतं, सातवं आठवं होतं, आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्यांचं सम-विषम उलटतं. ज्यांना उत्तर होतं त्यांनी ते नियमाप्रमाणे परत करायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. इकडे कुठल्याशा कॉलेजात बाईंनी वर्गाला सांगितलेलं असतं, ‘सतरावं करून आणा.’ ज्यांनी पुस्तक आधीच छापून घेतलं ते जुनं सतरावं करून येतात, ज्यांनी काल रात्री पडद्यावर उघडलं ते नवं. सगळ्यांचं बरोबर, आणि कोणाचं कोणाशी जुळत नाही. गणिताच्या तासाला हा प्रसंग दुर्मीळच म्हणायचा. मराठीच्या तासाला आम्ही तो रोज पाहत होतो.

ह्यावर एक लोभस तोडगा मला वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावच्या एका पुस्तकात सापडला. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ प्युजेट साउंडमधले प्राध्यापक रॉबर्ट बीझर ह्यांनी ‘अ फर्स्ट कोर्स इन लिनिअर अल्जिब्रा’ हे पुस्तक खुल्या परवान्याखाली लोकांच्या हवाली केलं. त्यातल्या गणितांना एक, दोन, तीन असे क्रमांक नाहीत. सी१०, सी२०, एम३०, टी१० असे आहेत. सीची गणितं आकडेमोडीची, टीची सिद्धांताची, आणि एम ह्या दोहोंच्या मधली. आकडे दहादहाच्या उड्या मारत जातात आणि मध्येच कुठे दोघं-तिघं एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. ह्याचा फायदा उघड आहे. दहा आणि वीस ह्यांच्या मध्ये उद्या कोणी गणित आणून घातलं तर कोणालाच उठून जागा बदलावी लागत नाही. सी२० आज सी२० आहे आणि दहा वर्षांनीही राहील. पण फायद्याची गोष्ट सोडा. अजून कोणाला सुचलेलंही नाही अशा गणितासाठी जागा राखून ठेवणारा माणूस मला फार आवडतो. आपल्याकडे रेल्वेसुद्धा इतक्या आधी आरक्षण देत नाही.

ह्याच बीझरांच्या पुढाकारानं प्रीटेक्स्ट नावाची पुस्तकं लिहायची एक पद्धत तयार झाली आहे. लेखकानं मजकूर एकदाच लिहायचा, त्यातूनच छापील पुस्तक निघतं आणि वेबवरचंही. त्यात प्रत्येक गणिताचे वेगवेगळे भाग खुणा घालून लिहायचे असतात: आधी प्रश्न, मग हवा तर इशारा, मग उत्तर, मग सगळी उकल. कोणता भाग कुठे दाखवायचा, जागेवरच की पुस्तकाच्या शेवटी की कुठेच नाही, हे लेखकानं मागाहून ठरवायचं. वरवर पाहता ही संगणकाची कोरडी शिस्त. मला मात्र ती दयेची प्रतवारी वाटते. मुलगा अडला आहे. त्याच्यावर किती दया करायची? चिमूटभर, मूठभर, की ओंजळभर?

आमच्या शाळेत ही प्रतवारी गणिताच्या सरांच्या बोटांत होती. सर बाकांच्या मधून फिरायचे. ज्याच्या वहीत चूक असे त्याच्यापाशी थांबायचे आणि चुकलेल्या ओळीवर तर्जनी नुसती टेकवायचे. हा इशारा. त्यानं भागलं नाही तर तीच तर्जनी दोनदा आपटायची. सगळी उकल त्यांनी कोणाला कधी दिल्याचं आठवत नाही. फळ्यावर अर्धं गणित सोडवून ‘पुढचं उघड आहे’ म्हणायचे आणि हातावरचा खडू झटकायचे. ते पुढचं आम्हाला कधीच उघड नसे. पण सर आपल्याला इतके हुशार समजतात ह्या आनंदात आम्ही ते घरी जाऊन कसंबसं उघडं करत असू.

आणि खुली पुस्तकं तरी आम्हाला कुठे नवी होती? जूनमध्ये आधीच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळत. माझं आठवीचं गणिताचं पुस्तक असंच दोन हातांतून आलेलं होतं. त्यातल्या सरावसंचात समासात पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली होती. एका ठिकाणी सात-तृतीयांश, त्यापुढे प्रश्नचिन्ह. त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईत, ‘नाही, सात-पंचमांश’. त्याच्याखाली पुन्हा पेन्सिल: ‘पुस्तकात चूक आहे.’ ती दोन मुलं कोण होती, पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. पण त्या वर्षी त्यांच्याइतका सहवास मला दुसऱ्या कोणाचा घडला नाही. आज खुल्या पुस्तकाच्या बदलांच्या नोंदी चाळताना मला तीच कुजबूज ऐकू येते. फरक एवढाच की निळ्या शाईवाला आता दुसऱ्या खंडात राहतो.

इशाऱ्याखेरीज आणखी एक प्रकार असतो, गणित किती कठीण आहे ते आधीच सांगून टाकण्याचा. कुठे चांदणी काढतात, कुठे दोन चांदण्या. ह्यात डोनाल्ड नुथ ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. १९६८ मध्ये ‘द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड आला, त्यात त्यांनी प्रत्येक गणिताला शून्यापासून पन्नासपर्यंत गुण दिले. शून्य म्हणजे वाचता वाचता सुटावं, दहा म्हणजे सोपं, पन्नास म्हणजे अजून कोणालाच न सुटलेलं. नमुना म्हणून त्यांनी फर्माचं शेवटचं प्रमेय सरावाला दिलं आणि त्यापुढे पन्नासचा आकडा टाकला. पुढे अँड्र्यू वाइल्स ह्यांनी त्याची सिद्धता दिली, ती १९९५ मध्ये छापून आली, आणि नंतरच्या आवृत्तीत नुथांनी तो आकडा पन्नासचा पंचेचाळीस केला. साडेतीनशे वर्षं भल्याभल्यांना झुलवणारं प्रमेय सुटलं म्हणून कठीणपणातून वजा किती करायचे, तर पाच. इतकं मोजूनमापून कौतुक मी दुसरीकडे फक्त आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं आहे.

ह्याच नुथांच्या हातात १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची नमुनापानं आली आणि त्यातली गणिताची जुळणी पाहून ते इतके खट्टू झाले की स्वतःच अक्षरजुळणीची पद्धत रचायला बसले. तीच टेक. लाटेक तिच्यावरच उभं आहे, आणि वेबच्या पानांवर मॅथजॅक्स जी सूत्रं उमटवतं तीही बहुतेक त्याच भाषेत लिहिलेली असतात. नेट मंद असलं की ही भाषा उघडी पडते. सरावसंच समोर येतो तो डॉलरची चिन्हं, उलट्या तिरक्या रेघा आणि महिरपी कंस घेऊन, आणि मग एकेक गणित दचकून, पदर सावरल्यासारखं, नीट होत जातं. वर्गमूळ डोक्यावर छप्पर घेतं, अपूर्णांक वर-खाली होतात. हे दृश्य बघायला मला आवडतं, म्हणून माझी नेटविषयी फारशी तक्रार नसते.

पण सगळ्या मांडणीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: प्रश्नापासून उत्तर किती लांब ठेवायचं? कागदावर तो पुस्तकाच्या जाडीनं सोडवला होता. बालभारतीच्या पुस्तकातला सरावसंच पाहा आणि शेवटची उत्तरसूची पाहा. मधली पानं उलटेपर्यंत मन थोडं तरी खात असे. आता तीच पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. तिथे उत्तरापर्यंत जायला अंगठ्यानं पानं वर ढकलत न्यावी लागतात, आणि त्या वाटेवर पुढची सगळी प्रकरणं, वर्तुळं, त्रिकोणमिती, डोळ्यांपुढून सरकून जातात. कोणी सांगावं, चोरून उत्तर पाहायला निघालेल्या एखाद्याला वाटेत शंकूचं घनफळ आवडूनही जात असेल. वेबवर मात्र अंतरच उरलेलं नाही. गणिताच्या खाली ‘उत्तर’ असा शब्द, त्यावर बोट टेकवलं की तिथल्या तिथे पान उलगडतं. म्हणून ही पुस्तकं मांडणारे नाना युक्त्या करतात. उत्तर मिटवून ठेवायचं, त्याच्याआधी इशारा मिटवून ठेवायचा, उकल दुसऱ्याच पानावर टाकायची. टाचणीएवढ्या अडथळ्यांची ही सगळी तटबंदी. ती एका बोटानं पडते हे बांधणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि सम क्रमांकांची उत्तरं? ती आहेत, पण शिक्षकांसाठी. ओपनस्टॅक्सकडे आपण शिक्षक आहोत हे पटवून दिलं की उकलीचं पुस्तक मिळतं. ज्यांनी साऱ्या जगाला दार सताड उघडं ठेवलं, त्यांनीही एक कोनाडा कुलूप लावून ठेवला, ह्याची मला आधी मौज वाटली आणि मग बरंही वाटलं. ज्ञान सगळ्यांना मोकळं असावं असं म्हणणाऱ्यालाही उद्या वर्गात गृहपाठ तपासायचा असतो.

उत्तर लपवण्याची ही चिंता आपल्या जुन्या लोकांना नव्हती. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त गणित पद्यात विचारलेलं आहे, तेही ‘बाले’, ‘मृगाक्षी’ अशी हाक मारून. बत्तीस हातांचा वेळू वाऱ्यानं मोडला, त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? लगेच खाली ‘न्यास’ असं म्हणून आकडे मांडायचे आणि त्याच्या पाठोपाठ उत्तर: बारा हात. ना डावा रकाना, ना उजवा. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापला. त्याचा १२०७ चा शिलालेख तिथे सापडला आहे. त्या मठातली मुलंही उत्तर आधी पाहत असतीलच. फक्त ते पाहायला बोट नव्हे, पाठांतर लागत होतं. आणि श्लोक पाठ होईपर्यंत गणित अर्धं सुटलेलं असणार.

त्याहून मला आवडते ती बख्शाली हस्तलिखिताची मांडणी. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात एका शेतकऱ्याला भूर्जपत्रांचं हे बाड जमिनीत सापडलं. आज ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात आधी सूत्र, मग उदाहरण, मग आकड्यांची चौकटीत केलेली स्थापना, मग करण, म्हणजे प्रत्यक्ष सोडवणं. आणि सगळ्यात शेवटी प्रत्यय. आलेलं उत्तर मूळ गणितात घालून ते जुळतं की नाही हे पाहायचं, आपल्या शाळेतला ताळा. उत्तरसूचीच्या कितीतरी आधी कोणीतरी मुलाच्या हातात हे देऊन ठेवलं होतं. वेळूचंच पाहा: बारा आणि सोळा ह्यांच्या वर्गांची बेरीज चारशे, तिचं वर्गमूळ वीस, आणि बारा अधिक वीस बत्तीस. वेळू पुरा झाला. शेवटचं पान उलटायची गरजच नाही.

तेव्हा असं एखादं खुलं पुस्तक कधी उघडलंत, तर माझं एवढं ऐका: दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या गणितापासून सुरुवात करा. डेरिव्हेटिव्हचं उत्तर बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर ते इंटिग्रेट करून मागे जा, इंटिग्रलचं असेल तर डेरिव्हेटिव्ह काढा, समीकरणाचं असेल तर उत्तर त्यातच घालून पाहा. आणि त्या गणितात छापायची चूक सापडली तर तेवढी कळवा. दुरुस्ती करायला तिथे माणसं जागी असतात.